यंत्रमागाच्या शेडमध्ये कॅमेरा: शॉट आणि कॅमेऱ्याच्या हालचाली शिकण्याची सुरुवात

बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिकोडी परिसरात राहून लघुपट करू पाहणाऱ्या मराठी तरुणांना आज कॅमेऱ्याची चणचण नाही, कारण बऱ्यापैकी चित्रण करणारा मोबाइल जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात असतो. अडते ते कॅमेरा कुठे ठेवायचा, किती जवळ न्यायचा आणि कधी हलवायचा हे ठरवताना. या लेखात त्यासाठी व्याख्यांची यादी न देता एकच छोटा प्रसंग घेतला आहे आणि तो चित्रित करता करता एकेक गोष्ट सांगितली आहे.

प्रसंग बेळगावच्या वडगावातील एका यंत्रमागाच्या शेडमधला आहे. वडील माग चालवत आहेत. मुलगा दारातून आत येतो, पुण्यातील नोकरीचा मेल आल्याचे मोबाइल पुढे करून दाखवतो, वडील तो वाचतात, माग बंद करतात, थोडा वेळ तसेच उभे राहतात आणि माग पुन्हा सुरू करतात. घडते ते एवढेच. हा प्रसंग मुद्दाम निवडला आहे, कारण चालू मागाच्या खडखडाटात “आप्पा, पुण्याहून मेल आलाय” हे वाक्यसुद्धा धड ऐकू येणार नाही आणि शब्दांवर विसंबता येत नसल्यामुळे जे सांगायचे ते शॉटमधूनच सांगावे लागेल.

पहिली पायरी: कागदावरचे दोन रकाने

कॅमेरा हातात घेण्याआधी वहीच्या पानावर दोन रकाने आखावेत. डावीकडे घडणारी गोष्ट एकेका वाक्यात लिहावी आणि उजवीकडे त्या क्षणी प्रेक्षकाने नेमके काय पाहायला हवे ते लिहावे. उदाहरणार्थ, डावीकडे “मुलगा दारात येतो” असे असेल, तर उजवीकडे “तो आत यायला कचरतो” असे येईल. डावीकडे “वडील मेल वाचतात” असे असेल, तर उजवीकडे “त्यांना आनंद झाला की धास्ती वाटली, हे लगेच कळू नये” असेही येऊ शकेल. “क्लोजअप”, “पॅन”, “लो अँगल” असे शब्द या टप्प्यावर लिहूच नयेत. उजवा रकाना नीट भरला की शॉटची निवड बरीचशी आपोआप होते, आणि तो कोरा ठेवून सेटवर गेलेली मंडळी प्रत्येक गोष्ट छातीच्या उंचीवरून, कमरेपर्यंतच्या चौकटीत टिपून परत येतात.

दुसरी पायरी: किती जवळून पाहायचे

कॅमेरा सुरू केल्यापासून थांबवेपर्यंतचे अखंड चित्रण म्हणजे एक शॉट, आणि त्याची पहिली ओळख म्हणजे चौकटीत माणूस केवढा दिसतो ही. लाँग शॉटमध्ये माणूस डोक्यापासून पायांपर्यंत आणि भोवतालासह दिसतो. आपल्या प्रसंगात शेडचे दार, मागांची रांग आणि तिच्या टोकाशी लहानसे दिसणारे वडील एका चौकटीत आले, की मुलाला किती अंतर चालून जायचे आहे हे प्रेक्षकाला कळते. त्याहूनही दुरून घेतलेल्या एक्स्ट्रीम लाँग शॉटमध्ये ठिकाणच मुख्य पात्र होते, परंतु ते केवढे आहे हे समजण्यासाठी मापाची वस्तू लागते. गोकाकचा धबधबा सुमारे ५२ मीटर उंचीवरून कोसळतो, तरीही नुसत्या पाण्याच्या चौकटीत तो दहा मीटरचा वाटू शकतो. समोरच्या काठावर सुरक्षित अंतरावर एक माणूस उभा असला, की त्याची भव्यता लगेच ध्यानात येते.

शेडच्या आत जाण्याआधी गल्लीचा एखादा लाँग शॉट घ्यावा. कन्नड पाट्या चौकटीत येऊ नयेत म्हणून कॅमेरा तिरपा करण्याची धडपड काही जण करतात, आणि माझ्या मते ती सोडून द्यावी. वर कन्नड पाटी आणि खाली मराठीत चाललेले बोलणे असा एक शॉट दिला, तर पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला गावाचे नाव पडद्यावर लिहून सांगण्याची गरज उरत नाही.

मिड शॉट कमरेपासून वरचा असतो आणि काम करणाऱ्या माणसासाठी तोच सर्वांत उपयोगी, कारण त्यात हात आणि चेहरा दोन्ही एकाच वेळी दिसतात. वडील तुटलेला धागा जोडत आहेत आणि नजर मात्र दाराकडे गेली आहे, ही गोष्ट लाँग शॉटमध्ये हरवेल आणि क्लोजअपमध्ये अर्धीच राहील. छातीपासून वरचा तो मिड क्लोज. कोणताही शॉट घेताना चौकटीची खालची कडा गुडघा, कोपर, मनगट अशा सांध्यावर येऊ देऊ नये, कारण तेथे शरीर तोडल्यासारखे दिसते; कडा थोडी वर किंवा खाली सरकवली की चौकट सावरते.

नुसत्या चेहऱ्याने चौकट भरणारा शॉट म्हणजे क्लोजअप. त्याची ताकद आपल्या शेजारच्या कोल्हापूरकरांनी फार लवकर ओळखली होती. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शिकलेल्या व्ही. शांताराम यांनी सहकाऱ्यांबरोबर १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू केली, १९३३ साली ती पुण्यात नेली आणि १९३४ सालच्या ‘अमृतमंथन’मध्ये राजगुरूची भूमिका करणाऱ्या चंद्रमोहन यांचा डोळा पडदा व्यापेल एवढा मोठा दाखवला. तो डोळा आजही आठवला जातो याचे एक कारण असे, की त्याच्या आगेमागे सगळे पडदाभर डोळेच नव्हते. आपल्या प्रसंगात वडिलांच्या चेहऱ्याचा क्लोजअप मेल वाचून झाल्यावर एकदाच वापरावा. तो आधीच दोनदा खर्च केला, तर खऱ्या क्षणी हातात काही उरत नाही.

क्लोजअप घेताना मोबाइल चेहऱ्याजवळ नेऊ नये. मोबाइलची मुख्य लेन्स वाइड असते आणि हातभर अंतरावरून तिने टिपलेल्या चेहऱ्यात नाक मोठे व कान मागे गेलेले दिसतात. मोबाइलला दोन किंवा तीन पटींची वेगळी लेन्स असेल तर ती निवडून चार-पाच पावले मागे उभे राहावे. तशी लेन्स नसेल तर बोटांनी ताणून केलेला झूम चित्र फोडतो, म्हणून थोडी सैल चौकट पत्करावी. चेहरा ज्या दिशेला पाहतो त्या बाजूला मोकळी जागा जास्त ठेवावी.

उरले इन्सर्ट, म्हणजे वस्तूंचे जवळचे शॉट. येथे ते तीन लागतील: धावणारा धोटा (आडवा धागा घेऊन मागात इकडून तिकडे जाणारे शटल), मुलाच्या हातातील मोबाइलचा पडदा आणि माग बंद करण्याच्या दांड्यावरचा वडिलांचा हात. मोबाइलच्या पडद्याची उजळता निम्म्याहून कमी करावी, नाहीतर अंधाऱ्या शेडमध्ये तो नुसता पांढरा ठिपका दिसतो.

तिसरी पायरी: कॅमेऱ्याची उंची

खालून घेतलेला लो अँगल माणसाला बलवान करतो आणि वरून घेतलेला हाय अँगल त्याला दुबळा करतो, असे नवशिक्यांना हमखास सांगितले जाते. हे अर्धेच खरे आहे. कोनाबरोबर पार्श्वभूमीही बदलते आणि पुष्कळदा अर्थ तिच्यामुळेच येतो. आपल्या शेडमध्ये कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणला, तर वडिलांच्या डोक्यामागे पत्र्याचे छप्पर आणि ट्यूबलाइटची रांग येते व ते त्या जागेत कोंडल्यासारखे दिसतात. तोच कॅमेरा माळ्यावर नेला, तर ताण्याचे, म्हणजे मागावरचे उभे, शेकडो धागे खालपर्यंत पसरलेले दिसतात आणि वडील त्या रचनेचाच एक भाग होतात. दोन्ही चांगले शॉट आहेत, पण या प्रसंगाला ते लागत नाहीत. येथे बाप-लेक एकमेकांना बरोबरीने भिडतात, म्हणून कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर राहावा. तिरक्या क्षितिजाचा डच अँगल पहिल्या दोन-तीन लघुपटांत वापरूच नये.

चौथी पायरी: नजरेची रेषा

वडील आणि मुलगा समोरासमोर उभे असताना त्या दोघांना जोडणारी एक रेषा जमिनीवर आहे असे मानावे. पहिला शॉट रेषेच्या ज्या बाजूने घेतला, त्याच बाजूच्या अर्धवर्तुळात कॅमेऱ्याने राहायचे, यालाच १८० अंशांचा नियम म्हणतात. तसे केले की प्रत्येक शॉटमध्ये वडील उजवीकडे पाहतात, मुलगा डावीकडे पाहतो आणि दोघे एकमेकांशी बोलत आहेत यावर प्रेक्षकाचा विश्वास बसतो. कॅमेरा पलीकडे गेला तर दोघेही एकाच दिशेला पाहताना दिसतात. शेड अरुंद असल्यामुळे जागा मिळेल तिथून शॉट घ्यावा, असा मोह येथे फार होतो, म्हणून आधीच खडूने रेषा आखून कॅमेऱ्याची बाजू नक्की करावी.

दोघे एका चौकटीत असलेला टू शॉट घेतल्यावर एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचा चेहरा दाखवणारा ओव्हर द शोल्डर शॉट घ्यावा. सेटवरची माणसे त्याला ‘सजेशन’ म्हणतात. मोबाइल पुढे करणाऱ्या मुलाच्या खांद्यावरून वडील, आणि वडिलांच्या खांद्यावरून मुलगा, अशी ही जोडी दोन्हींकडे सारख्याच अंतरावरून घ्यावी. त्याच माणसाच्या एका शॉटवरून दुसऱ्यावर जाताना कॅमेऱ्याची दिशा किमान ३० अंशांनी बदलावी, नाहीतर चित्र अडखळल्यासारखे उडी मारते.

प्रवासाच्या चित्रणातही हीच शिस्त लागते. बेळगावहून निपाणीकडे निघालेली बस पहिल्या शॉटमध्ये डावीकडून उजवीकडे जात असेल, तर तवंदी घाटातील शॉटमध्येही ती तशीच गेली पाहिजे. रस्त्याच्या पलीकडे उभे राहून टिपली तर ती बेळगावला परत येताना दिसेल.

पाचवी पायरी: ट्यूबलाइट आणि धावता धोटा

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे तिच्यावर चालणारा दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला ते जाणवत नाही, परंतु शटरचा वेग (प्रत्येक फ्रेम किती वेळ उजेड घेते ते) त्याच्याशी जुळला नाही तर चित्रात पट्टे सरकताना दिसतात. मोबाइलमध्ये प्रो मोड, म्हणजे ही मापे स्वतः ठरवण्याची सोय, असेल तर सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवावे. धोट्याचा शॉट संथ गतीत हवा असेल तर ५० फ्रेम आणि १/१०० ठेवावे. मात्र तेव्हा उजेड निम्मा होतो, म्हणून तो खिडकीजवळच्या मागावर आणि सकाळच्या उन्हात घ्यावा. प्रो मोड नसेल तर निदान पडद्यावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड लॉक करावा, कारण पांढरे सूत चौकटीत आले की मोबाइल स्वतःहून चित्र काळवंडतो.

सुरक्षेबद्दल एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. धोटा क्वचित मागातून उडतो आणि जोरात लागतो, त्यामुळे त्याच्या धावण्याच्या रेषेत, मागाच्या दोन्ही टोकांना, कोणीही उभे राहू नये. कॅमेऱ्याचा पट्टा, ओढणी किंवा लोंबणारी वायर फिरत्या पट्ट्यांपासून दूर ठेवावी.

सहावी पायरी: कॅमेरा केव्हा हलवायचा

पॅन म्हणजे कॅमेरा एकाच जागी ठेवून आडवा फिरवणे. मुलगा दारातून आत येऊन रांगेच्या बाजूने चालत वडिलांपर्यंत जातो, तेव्हा त्याच्या चालीबरोबर कॅमेरा वळला तर ते अंतर तुटत नाही. चालणारा माणूस असेल तर त्याची चालच पॅनचा वेग ठरवते. परंतु नुसते ठिकाण दाखवताना एखादी वस्तू चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला साधारण सात सेकंद लागावेत, कारण त्याहून वेगाने फिरवले की चित्र थरथरते. ट्रायपॉड नसेल तर पावले पॅन जिथे संपणार त्या दिशेला रोवून उभे राहावे, कमरेतून मागे वळून सुरुवातीची चौकट धरावी आणि शरीर सैल होत जाईल तसे पुढे यावे. उलट केले, तर शॉटचा शेवट अवघडलेल्या अंगाने होतो आणि तो हमखास हलतो. सुरुवातीला व शेवटी कॅमेरा दोन-तीन सेकंद स्थिर हवा.

टिल्ट हा त्याचाच उभा प्रकार. बेळगावजवळच्या राजहंसगडावरील शिवरायांच्या पुतळ्यावर चौथऱ्यापासून मुकुटापर्यंत टिल्ट करण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. सरावासाठी तो ठीक आहे. कथेत मात्र टिल्टच्या शेवटी काहीतरी नवीन हाती लागले पाहिजे. दांड्यावरच्या वडिलांच्या हातावरून चेहऱ्यावर गेलेला टिल्ट ही अट पाळतो.

ट्रॅकमध्ये कॅमेरा स्वतः जागेवरून सरकतो. त्याची सुरुवात फार जुनी आहे: ल्युमिएर बंधूंचे कॅमेरामन अलेक्झांद्र प्रोमिओ यांनी १८९६ साली व्हेनिसमध्ये कॅमेरा होडीत ठेवून काठावरच्या इमारती टिपल्या. जे आधीच सफाईने चालते त्यावर कॅमेरा ठेवावा, ही युक्ती आजही कमी खर्चात कामी येते. शेडच्या सपाट फरशीवर व्हीलचेअर उत्तम ट्रॉलीचे काम करते. चाकांतली हवा किंचित कमी केली तर बारीक धक्के आणखी कमी होतात. ट्रॅक करताना कॅमेऱ्याजवळून काहीतरी सरकत गेले तरच गती जाणवते, म्हणून मागांचे खांब किंवा धाग्यांचा पडदा अलीकडे येऊ द्यावा.

ट्रॅक-इन आणि झूम यांत नवशिक्यांचा नेहमी गोंधळ होतो. झूम केल्यावर चौकटीतील सगळे सारख्याच प्रमाणात मोठे होते. ट्रॅक-इनमध्ये कॅमेरा स्वतः पुढे जातो, तेव्हा जवळचा माणूस भराभर मोठा होतो, मागची भिंत जवळजवळ तेवढीच राहते आणि आपण त्याच्यापाशी गेल्याची भावना होते. हे एकदा स्वतः करून पाहावे: मित्राला अंगणात उभे करून एकदा जागेवरून झूम करावा, एकदा चालत जावे आणि दोन्ही चित्रणे एकामागून एक लावावीत.

हातात धरलेला हँडहेल्ड कॅमेरा अस्वस्थता आणतो, पण ट्रायपॉड आणायचा कंटाळा हे त्याचे कारण असू नये. गॅरेट ब्राउन यांनी १९७० च्या दशकात तयार केलेल्या स्टेडीकॅमने वजने आणि स्प्रिंगचा हात यांच्या जोरावर चालत्या माणसाच्या अंगावरचा कॅमेरा स्थिर केला. आज भाड्याने मिळणारा छोटा गिंबल मोटरींवर चालतो आणि कॅमेऱ्याचे कलणे व वळणे सावरतो, परंतु पावलागणिक होणारी वर-खाली उसळी तो थांबवत नाही. ती गुडघे किंचित वाकवून, टाच आधी टेकवून चालल्यानेच कमी होते.

आता या सगळ्यातून आपल्या प्रसंगासाठी काय उचलायचे? माझा सल्ला असा, की फक्त दोन हालचाली ठेवाव्यात. पहिली, मुलाच्या चालीबरोबरचा पॅन. त्यानंतर माग चालू असेपर्यंत कॅमेरा पूर्ण स्थिर असावा, कारण चौकटीत धोटा, फणी, धागे, पट्टे सगळेच हलत असते आणि त्यात कॅमेराही हलला तर पाहणाऱ्याची नजर कुठेच ठरत नाही. वडील दांडा ओढतात, माग थांबतो, आवाज थांबतो, आणि सगळी शेड स्थिर झाल्यावर दुसरी हालचाल सुरू करावी: वडिलांच्या मिड शॉटवरून क्लोजअपपर्यंत, दहा-बारा सेकंदांचा अगदी संथ ट्रॅक-इन. त्यांनी माग पुन्हा सुरू केला की कॅमेरा थांबवावा.

सातवी पायरी: चित्रणाचा क्रम

चित्रण कथेच्या क्रमाने करू नये. आधी लाँग शॉटमध्ये संपूर्ण प्रसंग एकदा करून घ्यावा, यालाच मास्टर म्हणतात; मग त्या बाजूचे मिड आणि सजेशन, मग समोरच्या बाजूचे, आणि शेवटी इन्सर्ट. माग थांबवण्याचे शॉट मात्र वेगळे राखून ठेवावेत. चालू माग पुन्हा पुन्हा थांबवला तर कापडावर आडवा पट्टा उमटू शकतो आणि ते नुकसान विणकराच्या माथी बसते. त्यामुळे मागमालकाशी आधी बोलावे, तालीम माग न थांबवता करावी आणि दोन टेकमध्ये काम भागेल एवढी तयारी ठेवावी. मागाचा चालू आवाज, थांबतानाचा आवाज आणि नंतरची शांतता वेगळ्याने ध्वनिमुद्रित करावी. प्रत्येक शॉटच्या आधी व नंतर पाच सेकंद जादा घ्यावेत.

शेडबाहेरच्या चित्रणाबद्दल थोडक्यात. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत गर्दीतून गिंबल घेऊन फिरण्यापेक्षा एखाद्या ओळखीच्या घराच्या पहिल्या मजल्यावर ट्रायपॉड लावावा आणि रथ चौकटीत येऊन बाहेर जाऊ द्यावा. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती हे जैन मंदिर किंवा खानापूर तालुक्यातील हलशीचे मंदिर अशा संरक्षित वास्तूंत ट्रायपॉड लावण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे परवानगीची विचारणा करावी. ड्रोन उडवायचा असेल तर डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा नकाशा आधी पाहावा. नकाशातील हिरव्या, म्हणजे आगाऊ परवानगी न लागणाऱ्या, भागातही उंचीची मर्यादा ४०० फुटांची आहे, आणि सांबरा विमानतळ व लष्करी परिसर यांमुळे बेळगाव शहराजवळची पुष्कळ जागा निर्बंधाखाली येते.

शॉटची जोडणी (एडिटिंग) झाल्यावर प्रसंग आवाज पूर्ण बंद करून अशा एखाद्याला दाखवावा, ज्याने कथा वाचलेली नाही, आणि काय घडले ते त्याला सांगायला लावावे. मेल कसला होता हे त्याला कळले नाही, तर मोबाइलचा इन्सर्ट आणखी दोन सेकंद लांबवावा. वडिलांनी माग का थांबवला हे कळले नाही, तर दोष बहुतेक वेळा वडिलांच्या क्लोजअपमध्ये नसतो. मेल वाचणाऱ्या वडिलांकडे पाहणाऱ्या मुलाचा मिड क्लोज घ्यायचा राहून गेलेला असतो, आणि तो दुसऱ्या दिवशी त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, माग न थांबवताही घेता येतो.